१९७९ चा आगमन-आवर्त: अरबी समुद्रावरचा झोत नेमका कुठे डळमळला?

१९७९ च्या जून महिन्याच्या मध्यावर, १४ तारखेच्या सुमारास, अरबी समुद्राच्या पूर्व भागात एक आवर्त, म्हणजे वाऱ्यांचा मोठा भोवरा, उभा राहिला. आधी तो उत्तरेकडे सरकला, मग पश्चिमेला वळला आणि ओमानच्या किनाऱ्याच्या दिशेने निघून गेला. नैऋत्य मोसमी वारे स्थिरावण्याच्या दिवसांत जन्मणाऱ्या अशा आवर्ताला अभ्यासक ‘ऑनसेट व्होर्टेक्स’ म्हणतात. इथे त्याला आगमन-आवर्त म्हणू. तो दरवर्षी होत नाही. १९७९ चा आवर्त मात्र हवामानशास्त्रात कायमचा नोंदला गेला, कारण तो घडला तेव्हा त्या समुद्रावर मोजमापाची मोठी फौज हजर होती. मॉनेक्स या मान्सूनच्या आंतरराष्ट्रीय अभ्यास-मोहिमेचा उन्हाळी टप्पा चालू होता. मुंबईहून संशोधन विमानं उडत होती आणि वरून पॅराशूटला बांधलेली उपकरणं समुद्रावर सोडत होती. अमेरिकेचा गोज-१ हा भूस्थिर उपग्रह खास हिंदी महासागरावर सरकवला होता आणि त्याच्या चित्रांतल्या ढगांच्या हालचालीवरून वारे काढले जात होते. एरवी जहाजांच्या तुटपुंज्या नोंदींवर भागवावं लागे, तिथे या वेळी आवर्त जन्मण्याआधीचा वाराही मोजला गेला. स्थैर्याच्या अभ्यासाला नेमका हा ‘आधीचा वारा’च लागतो.

हवामानशास्त्रज्ञ टी. एन. कृष्णमूर्ती आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये या आवर्ताचं विश्लेषण प्रसिद्ध केलं. त्यांचा मुख्य मुद्दा असा, की सोमालियाकडून येणारा खालच्या थरातला झोतवारा इतका टोकदार झाला होता की तो स्वतःच अस्थिर बनला, आणि आवर्ताने आपली सुरुवातीची ऊर्जा त्या झोताच्या आडव्या कर्तनातून घेतली. कर्तन म्हणजे शेजारच्या पट्ट्यांतल्या वाऱ्याच्या वेगातला फरक. अशा अस्थैर्याला बॅरोट्रॉपिक म्हणतात, कारण त्यात तापमानाच्या फरकाचा हात नसतो. शेजारचे पट्टे वेगवेगळ्या वेगाने धावतात एवढंच त्याला पुरतं.

हा दावा कागदावर कसा तपासायचा, तपासताना आकडे कुठे फसवतात आणि शेवटी किती भाग टिकतो, हे या प्रकरणातून चांगलं शिकता येतं.

झोत कसला आणि कुठला

दक्षिण गोलार्धातले आग्नेय व्यापारी वारे केनियाच्या किनाऱ्यापाशी विषुववृत्त ओलांडतात, पूर्व आफ्रिकेच्या उंच पठारांना टेकून उत्तरेकडे वळतात आणि सोमालियाच्या किनाऱ्यावरून अरबी समुद्रावर पश्चिमेकडून पूर्वेकडे झेपावतात. पी. व्ही. जोसेफ आणि पी. एल. रामन यांनी १९६६ मध्ये दक्षिण भारतावरच्या या खालच्या थरातल्या पश्चिमी झोताचं अस्तित्व दाखवलं. जे. फाइंडलेटर यांनी १९६९ मध्ये आफ्रिकेपासूनची त्याची वाट रेखाटली. झोताचा गाभा साधारण ८५० हेक्टोपास्कल हवेच्या दाबाच्या पातळीवर, म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे दीड किलोमीटरवर असतो. मान्सून जोरात असताना गाभ्यातला वारा सेकंदाला २० मीटरच्या आसपास सहज जातो.

मान्सून येण्याआधी हाच वारा मंद आणि पसरट असतो. आगमनाच्या आठवड्यात तो झपाट्याने वाढतो आणि अरुंद होतो. वेग वाढल्याचं सगळ्यांच्या नजरेत भरतं. रुंदी कमी झाल्याकडे मात्र क्वचितच लक्ष जातं, आणि या प्रकरणाची खरी मेख रुंदीतच आहे.

चाचणी

लॉर्ड रॅले यांनी १८८० मध्ये दाखवलं की समांतर प्रवाह अस्थिर व्हायचा असेल तर दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना वाऱ्याचा वेग कसा बदलतो त्या आलेखाची वक्रता, म्हणजे त्याचा बाक, कुठेतरी चिन्ह बदलायलाच हवी. सियाओ-लान कुओ यांनी १९४९ मध्ये त्यात पृथ्वीचं फिरणं घातलं. पृथ्वीच्या फिरण्याने वाहती हवा वळते, तो कोरिओलिस परिणाम उत्तरेकडे जाताना वाढत जातो. त्या वाढीचा दर म्हणजे बीटा. नवी अट अशी झाली, की बीटातून वक्रता वजा करून जे उरतं ते प्रवाहाच्या रुंदीत कुठेतरी अधिकाचं उणे व्हायला हवं.

आकडे सुटसुटीत राहावेत म्हणून एक एकक ठरवून घेऊ. १०चा उणे अकरावा घात, प्रति मीटर प्रति सेकंद, याला एक एकक म्हणू. या मापात १० अंश उत्तर अक्षांशावर बीटा २.२५ एकक येतो, २० अंशावर २.१५. म्हणजे या सगळ्या पट्ट्यात तो जवळजवळ स्थिरच आहे. झुकतं माप ठरवतो तो वाऱ्याचा आलेख.

झोताच्या आलेखाचं शिखर गाभ्यावर असतं, तिथे वक्रता उणे. शिखरावरून दोन्ही बाजूंना उतरून गेल्यावर आलेख वाटीसारखा खोलगट होतो, तिथे वक्रता अधिक. गाभ्यात बीटा आणि उणे वक्रता एकाच बाजूला पडतात, त्यामुळे उत्तर ठळक अधिक येतं. प्रश्न फक्त उतारांच्या पायथ्याचा असतो. तिथली अधिक वक्रता बीटाला मागे टाकते का?

उत्तर कागदावर काढता यावं म्हणून झोताचा एक ठरीव आकार घेऊ, पाठ्यपुस्तकांतला बिकली झोत. त्याची अर्धरुंदी म्हणजे गाभ्यापासूनचं ते अंतर, जिथे वारा शिखरवेगाच्या ४२ टक्क्यांवर येतो. या आकारात पायथ्याची कमाल वक्रता येते ती शिखरवेगाच्या दोन-तृतीयांश भागाला अर्धरुंदीच्या वर्गाने भागून. वेग अंशात आहे, पण एकच घात. रुंदी छेदात आहे आणि तिचा वर्ग.

आता चार स्थिती बघा. वारा सेकंदाला ८ मीटर, अर्धरुंदी ८०० किलोमीटर: कमाल वक्रता ०.८३ एकक, बीटाच्या निम्म्याहून कमी, झोत स्थिर. वारा तेवढाच पसरट ठेवून वेग २० मीटरवर नेला तर वक्रता २.०८ एकक. तरीही बीटापेक्षा थोडी कमीच, म्हणजे झोत स्थिरच. उलट वारा १० मीटर एवढाच ठेवून अर्धरुंदी ४०० किलोमीटर केली तर वक्रता ४.१७ एकक, बीटाच्या जवळपास दुप्पट. २० मीटर आणि ४०० किलोमीटर एकत्र आले की ८.३ एकक. सेकंदाला २० मीटरच्या झोताला १० अंशावर चाचणीचा उंबरठा ओलांडायला अर्धरुंदी ७७० किलोमीटरच्या आत यावी लागते. १० मीटरच्या झोताला ती ५४५ किलोमीटरच्या आत लागते.

म्हणून ‘वारा किती वाढला’ एवढाच प्रश्न विचारून या प्रकरणात काही हाती लागत नाही. वारा किती अंतरात मावला, हे विचारावं लागतं.

चार्टवरून हिशेब

गाभा १० अंश उत्तरेवर, शिखरवेग २० मीटर, अर्धरुंदी ४०० किलोमीटर असा ठरीव झोत घेऊन अडीच अंशांच्या जाळीवर चाचणी करू. या प्रत्यक्ष नोंदी नव्हेत, पद्धत दाखवण्यासाठी घेतलेला आकार आहे. अडीच अंश म्हणजे २७८ किलोमीटर. वक्रता काढायची रीत सोपी आहे: वरच्या आणि खालच्या बिंदूच्या वाऱ्याची बेरीज करा, मधल्याची दुप्पट वजा करा, अंतराच्या वर्गाने भागा.

१० अंश: वारा २०.०, वक्रता उणे १८.७ एकक, बीटा वजा वक्रता अधिक २१.०.
१२.५ अंश: वारा १२.८, वक्रता उणे १.५, उत्तर अधिक ३.७.
१५ अंश: वारा ४.४, वक्रता अधिक ६.७, उत्तर उणे ४.५.
१७.५ अंश: वारा १.२, वक्रता अधिक ३.०, उत्तर उणे ०.८.
२० अंश: वारा ०.३, वक्रता अधिक ०.९, उत्तर अधिक १.३.

चिन्ह बदललं. सूत्राने काटेकोर काढलं तर उणे पट्टा साधारण १२.६ ते १७.९ अंशांमध्ये येतो, म्हणजे मंगळुरूच्या किंचित दक्षिणेपासून गोवा, रत्नागिरी ओलांडून हर्णै-दापोलीपर्यंतच्या अक्षांशांत, पण समुद्रात. झोताच्या उत्तरेकडच्या अंगाला वारा उत्तरेकडे जाताना कमी होतो, तिथे हवेला घड्याळाच्या उलट दिशेचा पीळ आधीच असतो. आगमन-आवर्त झोताच्या उत्तर अंगाला का जन्मतो, याचं अर्धं उत्तर इथे मिळतं.

फ्योर्टॉफ्ट यांची १९५० ची आणखी कडक अट आहे: चाचणीचं उत्तर जिथे अधिक, तिथला वारा चिन्ह बदलणाऱ्या रेषेवरच्या वाऱ्यापेक्षा कुठेतरी जोरदार असावा. आपल्या झोतात चिन्ह बदलतं तिथे वारा १२.४ मीटर आहे आणि गाभ्यात २०. अट पुरी होते.

एवढ्याने समाधान मानू नये. या दोन्ही अटी आवश्यक आहेत, पुरेशा नाहीत. त्यांनी दार उघडं असल्याचं कळतं, आत कोणी आलं का ते कळत नाही.

वक्रतेचा आकडा सर्वांत आधी फसतो

प्रत्यक्ष नोंदी घेऊन हीच चाचणी करणाऱ्याची पहिली चूक बहुतेक वेळा इथेच होते. वक्रता हा फरकाचा फरक आहे आणि वाऱ्यातली बारीकशी चूक त्यात फुगते. समजा, प्रत्येक बिंदूच्या वाऱ्यात सेकंदाला १ मीटरची स्वतंत्र चूक आहे. समुद्रावरच्या ढगांवरून काढलेल्या वाऱ्यांत याहून मोठी चूक नेहमीची. अडीच अंशांच्या जाळीवर ती वक्रतेत ३.२ एककांची होते. बीटा आहे २.२५. म्हणजे एका दिवसाच्या, एका रेखांशावरच्या चार्टवरून चिन्ह बदललं असं सांगणं म्हणजे नाणं उडवून सांगण्यासारखं.

जाळी बारीक केली की भागेल असं वाटतं आणि तिथे घोळ वाढतो. एक अंशाच्या जाळीवर तीच १ मीटरची चूक जवळजवळ २० एककांची होते. आज ईआरए-५ ही पुनर्विश्लेषित माहिती, म्हणजे जुन्या नोंदी संगणकीय प्रतिरूपात घालून पुन्हा मांडलेलं हवामान, पाव अंशावर, तासातासाला, १९७९ साठीही सहज मिळते. पाव अंशावर थेट फरक काढले तर सेकंदाला फक्त ०.१ मीटरची बिंदू-बिंदूंमधली स्वतंत्र थरथर ३२ एककांची वक्रता उभी करते. नकाशावर मग अधिक-उण्याची चाळण दिसते आणि सगळा अरबी समुद्रच अस्थिर वाटू लागतो.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही एकत्र वापरावेत. रेखांशांवर सरासरी घ्या, ६० ते ७० पूर्व हा पट्टा सोयीचा आहे. त्याच्या पश्चिमेला वारा अजून वळतच असतो, समांतर प्रवाहाचं गृहीतक लागू पडत नाही. पूर्वेला किनारा आणि सह्याद्रीचा अडथळा सुरू होतो. १६ स्वतंत्र नोंदींच्या सरासरीने चूक चौथाईवर येते आणि अडीच अंशांवर ०.८ एककापर्यंत उतरते. मग चिन्हावर विश्वास ठेवता येतो. दुसरा उपाय म्हणजे थेट फरक न काढता चार-पाच अंशांच्या खिडकीत लघुतम वर्गाने वक्र बसवून त्याची वक्रता घेणं. मात्र खिडकी फार रुंद केली की झोतच बोथट होतो. वरच्या हिशेबात अडीच अंशांच्या अंतरानेच गाभ्यातली वक्रता उणे २५ ऐवजी उणे १८.७ दाखवली. खिडकी ८ अंशांवर नेली तर अरुंद झोत पसरट दिसेल आणि वक्रता खरीपेक्षा कमी येईल. दोन-तीन रुंदींनी हिशेब करून चिन्ह टिकतं का ते बघणं हाच खात्रीचा मार्ग.

तिसरी चूक काळाच्या सरासरीची. संपूर्ण जूनची सरासरी घेऊन तिच्यावर चाचणी केली तर तिच्यात आवर्त स्वतःच मिसळलेला असतो. पायाभूत प्रवाह आवर्त जन्मण्यापूर्वीचा हवा. १९७९ साठी साधारण ९ ते १३ जून ही खिडकी ठीक आहे. आवर्त उभा राहिल्यानंतरचे दिवस त्यात आले की परिणामालाच कारण समजून बसण्याचा धोका असतो.

दक्षिण बाजूचा पेच

सममित झोत घेतल्यामुळे एक वेगळी अडचण येते आणि ती लपवू नये. १० अंशावरच्या या झोताच्या दक्षिणेकडे, सुमारे ७.६ अंशांवर, वारा उत्तरेकडे सर्वांत झपाट्याने वाढतो. तिथलं कर्तन प्रति सेकंद १०च्या उणे पाचव्या घातात ३.८ येतं आणि कोरिओलिसचा आकडा त्याच मापात फक्त १.९. वजाबाकी उणे. म्हणजे हवेची एकूण भ्रमिलता, अर्थात स्वतःभोवतीचं फिरणं अधिक पृथ्वीचं फिरणं, उत्तर गोलार्धात असून उणे झाली. अशा जागी प्रवाह जडत्वाच्या अर्थाने अस्थिर असतो: दक्षिण-उत्तर ढकललेली हवा परत न येता पुढेच सरकत जाते. वाढीचा काळ येतो १४-१५ तास, बॅरोट्रॉपिक वाढीपेक्षा कितीतरी वेगवान.

याचा अर्थ एवढाच, की असा सममित, टोकदार झोत इतक्या दक्षिणेला फार काळ टिकूच शकत नाही. तो तयार होताहोताच दक्षिण अंग आडव्या-उभ्या उलथापालथीने पसरवून टाकेल. प्रत्यक्षातही झोत असमान असतो, दक्षिणेकडे विषुववृत्तापर्यंत पसरट आणि उत्तरेकडे जास्त कडक. अरबी समुद्रावर शून्य भ्रमिलतेची रेषा विषुववृत्ताच्या उत्तरेला सरकलेली सापडते, ती याच ओढाताणीची खूण. म्हणून पाठ्यपुस्तकातला सममित आकार शिकायला घ्यावा, पण निष्कर्षासाठी मोजलेलाच आलेख वापरावा. सुदैवाने कुओंच्या चाचणीला एकच अंग पुरतं. गाभा आणि उत्तर अंग मिळून चिन्ह बदलत असेल तर दक्षिणेकडे काहीही असो.

वाढ का होते

चाचणीमागचं चित्र समजलं तर आकड्यांचा अर्थ लागतो. गाभ्यात बीटा वजा वक्रता अधिक आहे. तिथली रॉस्बी लाट, म्हणजे या फरकामुळे वाऱ्यात उठणारी मोठी नागमोडी लाट, हवेच्या तुलनेत पश्चिमेला सरकते, पण तिथला वारा पूर्वेला जोरात वाहतो, त्यामुळे ती पूर्वेकडे मंदपणे जाते. उत्तर अंगाला चिन्ह उलट आहे. तिथली लाट हवेच्या तुलनेत पूर्वेला सरकते, पण तिथला वारा कमजोर आहे. एकीला वारा पुढे नेतो आणि तिची स्वतःची चाल मागे ओढते. दुसरीला वारा फारसा नेत नाही, तिची चालच पुढे ढकलते. दोघींचा वेग एकच झाला की त्या एकमेकींना धरून राहतात आणि एकीचा वारा दुसरीच्या विस्थापनात भर घालतो. बीटा फार मोठा असेल तर उत्तर अंगाला उलट चिन्हच उरत नाही, जोडीदारीण मिळत नाही, आणि झोत स्थिर राहतो.

वाढीचा दर काढायला लाटेचं समीकरण संगणकावर सोडवावं लागतं. १० अंश दक्षिण ते ३० अंश उत्तर, अर्ध्या अंशाची जाळी, म्हणजे ८१ बिंदू, टोकांना भिंती, आतले ७९ बिंदू घेऊन आयगेनमूल्यं, म्हणजे प्रत्येक शक्य लाटेचा वेग आणि वाढीचा दर देणारे आकडे, काढायची. हे साध्या लॅपटॉपवर क्षणात होतं. तरंगलांबी १,००० ते ६,००० किलोमीटर फिरवून बघावी. प्रोग्राम बरोबर आहे की नाही हे आधी तपासावं: बीटा शून्य ठेवून बिकली झोत दिला तर सर्वांत वेगाने वाढणाऱ्या नागमोडी लाटेचा दर शिखरवेग भागिले अर्धरुंदी याच्या ०.१६ पट आला पाहिजे, आणि तरंगसंख्या गुणिले अर्धरुंदी ०.९ च्या जवळ. हे जुळलं नाही तर पुढे जाऊ नये. जुळल्यावर जाळी दुप्पट बारीक करून आणि भिंती पाच अंश लांब नेऊन परत सोडवावं. जी उत्तरं हलतात ती खोटी. लाटेचा वेग जिथे वाऱ्याइतका होतो तिथे समीकरण कोलमडतं, आणि जाडसर जाळीवर तिथून क्षुल्लक वाढीच्या बनावट लाटा पाझरतात. वाढीचा काळ दहा दिवसांहून जास्त असलेल्या लाटा सरळ सोडून द्याव्यात; घर्षण त्यांना उठूच देत नाही.

आपल्या झोतासाठी बीटा न धरता हा दर प्रति सेकंद १०च्या उणे सहाव्या घातात ८ येतो. लाट सुमारे ३५ तासांत २.७ पट होते आणि तरंगलांबी २,८०० किलोमीटर निघते. एका आवर्ताच्या वाट्याला तिच्या निम्मी, म्हणजे १,४०० किलोमीटर. अरबी समुद्राचा मधला भाग व्यापणाऱ्या आवर्ताला हे माप शोभतं. पण यातून घर्षण वजा करायचं आहे. समुद्राच्या पृष्ठाशी होणाऱ्या ओढीला चार दिवसांचा काळ धरला तर दिवसाकाठी ०.६९ ऐवजी ०.४४ एवढीच वाढ उरते. २ मीटरच्या वाऱ्याची कुजबुज १५ मीटरच्या आवर्तापर्यंत न्यायला साडेचार दिवस लागतील, आणि बीटा धरल्यावर त्याहूनही जास्त.

ऊर्जेचा जमाखर्च

दावा खरा ठरवायचा तर ऊर्जा झोतातून आवर्ताकडे गेली हे दाखवायला हवं. वाऱ्यातले विचलनाचे दोन घटक, पूर्वेकडचा आणि उत्तरेकडचा, यांच्या गुणाकाराची सरासरी काढायची आणि ती कर्तनाशी गुणायची. झोताच्या उत्तर अंगाला कर्तन उणे आहे, म्हणून त्या गुणाकाराची सरासरी अधिक हवी. नकाशावर हे डोळ्यांनी दिसतं: वाढत्या आवर्ताचा लांबट अक्ष नैऋत्येकडून ईशान्येकडे कललेला असतो, कर्तनाच्या विरुद्ध. कर्तनाबरोबर, म्हणजे वायव्य-आग्नेय कललेला अक्ष दिसला, तर आवर्त ऊर्जा झोताला परत देतोय असं समजावं.

परिमाणाचा अंदाज घ्या. गुणाकाराची सरासरी ५ आणि कर्तन प्रति सेकंद १०च्या उणे पाचव्या घातात ३ असेल, तर दर किलो हवेमागे दिवसाला १३ जूल मिळतात. स्थिर हवेला दिवसभरात सेकंदाला ५ मीटरचा वेग द्यायला साधारण एवढंच लागतं. मॉनेक्सच्या नोंदींवर कृष्णमूर्तींच्या गटाने नेमका हा जमाखर्च मांडला आणि सुरुवातीच्या टप्प्यात आडव्या कर्तनाचा वाटा दाखवला.

तापमानाच्या फरकावर जगणाऱ्या बॅरोक्लिनिक अस्थैर्याचं काय? वर पूर्वेकडून येणारा उष्णकटिबंधीय झोत, खाली पश्चिमी झोत, म्हणजे उभं कर्तन भरपूर. तरी १२ अंशांवर कोरिओलिस इतका दुबळा आहे की ईडींच्या प्रतिरूपातली (बॅरोक्लिनिक अस्थैर्याचं हे पाठ्यपुस्तकी गणित) सर्वांत वेगाने वाढणारी लाट १५,००० किलोमीटरहून लांब निघते. ४५ अंशांवर हीच लाट साडेचार हजार किलोमीटरची असते आणि म्हणूनच तिथल्या चक्रवातांना ती लागू पडते. अरबी समुद्रावर कोरडी बॅरोक्लिनिक लाट मावतच नाही.

उरतो पाऊस, आणि त्याला बाजूला ठेवता येत नाही. दिवसाला ५० मिलिमीटर पाऊस पडला की बाष्पाचं पाणी होताना सुटणारी उष्णता हवेच्या संपूर्ण स्तंभाला दिवसाला सुमारे १२ अंश तापवण्याएवढी असते. त्यातली बरीचशी वर चढणारी हवा थंड होण्यात खपते. पण त्याच चढण्याने खालची हवा आत ओढली जाते आणि आधीचा पीळ आवळतो. मे-जूनमध्ये आग्नेय अरबी समुद्राचं पाणी ३० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, इंधनाला तोटा नसतो. घर्षण धरून कोरड्या वाढीला साडेचार दिवसांहून जास्त लागतात आणि असे आवर्त प्रत्यक्षात दोन-तीन दिवसांत पक्के होतात. मधली तफावत पाऊस भरून काढतो. १९७९ च्या आवर्ताचं निव्वळ बॅरोट्रॉपिक वर्णन म्हणूनच अपुरं वाटतं. झोताच्या अस्थैर्याने जागा, आकार आणि पहिला धक्का ठरवला. मोठं केलं ते ढगांनी. उलट फक्त ढगांचीच गोष्ट सांगितली तर आवर्त उत्तर अंगालाच का आणि झोत अरुंद झाल्यावरच का, याचं उत्तर मिळत नाही.

पुढची वाट

समांतर प्रवाहाचा रेषीय सिद्धांत आवर्त कुठे जाईल ते सांगत नाही. त्याच्या हिशेबात लाट पूर्व-पश्चिम अशीच सरकते. १९७९ चा आवर्त आधी उत्तरेकडे आणि मग पश्चिमेकडे गेला. मोठ्या आवर्ताच्या पूर्वेकडची हवा उत्तरेला आणि पश्चिमेकडची दक्षिणेला जाताना बीटामुळे तो स्वतःच वायव्येकडे सरकतो, आणि वरच्या थरात पूर्वेकडून येणारा वारा त्याला पश्चिमेला हाकतो.

कोकणासाठी ही वाट कळीची आहे. आवर्त किनाऱ्याला धरून उत्तरेकडे चढला तर तो पाऊस आपल्याबरोबर वर खेचतो. लांब समुद्रात सरकला तर बाष्प तिकडे वळतं आणि किनाऱ्यावर मान्सून रेंगाळतो. २०२३ मध्ये ६ जूनला जन्मलेलं बिपरजॉय चक्रीवादळ १५ जूनला गुजरातमध्ये जखाऊजवळ जमिनीवर आलं. मान्सून ११ जूनला रत्नागिरीपर्यंत पोचून थबकला आणि मुंबईत २५ जूनला दाखल झाला, दिल्लीच्याच दिवशी.

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात ८५० हेक्टोपास्कलचा चार्ट उघडणाऱ्याने ६० ते ७० पूर्वेची, तीन ते पाच दिवसांची सरासरी घ्यावी आणि गाभ्यातला वेग लिहून ठेवावा. मग गाभ्याच्या उत्तरेला वारा ४२ टक्क्यांवर कुठे येतो ते किलोमीटरमध्ये मोजावं. वेग १५ मीटर असताना हे अंतर ६५० किलोमीटरच्या आत आलं तर वक्रतेचा पूर्ण हिशेब करायला बसावं, आणि त्याच वेळी उत्तर अंगाला, समुद्रावर, ढगांचा पुंजका दोन दिवस टिकून आहे का ते उपग्रहाच्या चित्रात पाहावं.